अवघड कॅरेक्टर घ्यायचं तर कशासाठी? : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या मेल आणि पत्रांमध्ये एकच विषय फिरून फिरून आलाय, फायटिंग गेममधली अवघड कॅरेक्टर्स. घ्यावीत का, किती डोकं घालावं, आणि एवढं करून हातात काय पडतं. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवतो आणि या वेळी फक्त हेच घेतो. एक गोष्ट आधी सांगून टाकतो कारण ती सगळ्या उत्तरांत येणारच आहे. कॅरेक्टर अवघड असतं म्हणजे प्रत्येक वेळी एकाच कारणाने नसतं, कुणाचं इनपुट अवघड असतं, कुणाचं निर्णय घेणं अवघड असतं, कुणाचं तर समोरच्याच्या जवळ पोचणंच अवघड असतं. आणि बहुतेक वेळा जिथे त्रास तिथेच बक्षीस असतं. तुम्हाला ज्या प्रकारच्या त्रासात मजा येते ते कॅरेक्टर तुमचं, बाकी ते स्क्रीनवर कितीही भारी दिसू देत.

दादा, टेकन ८ मध्ये काझुया घेतलाय. इलेक्ट्रिक प्रॅक्टिस मोडमध्ये कधीतरी निघतं, मॅचमध्ये तर अजिबातच नाही. मी कीबोर्डवर खेळतो, मित्र म्हणतात कीबोर्डवर जमणारच नाही, सरळ पॉल घे. सोडून देऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

सोडू नकोस, आणि कीबोर्डचं तर मित्रांना उलटंच सांग. सगळ्या वाचकांना कळावं म्हणून आधी इलेक्ट्रिक म्हणजे काय ते सांगतो. इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट हा मिशिमा घराण्याचा ठोसा, काझुया, हेहाची, डेव्हिल जिन यांच्याकडे असतो, टेकन ८ मध्ये नवीन आलेल्या रेनाकडेही आहे. कमांड अशी, पुढे दाबायचं, सोडायचं, खाली, मग खाली-पुढे आणि राइट पंच. यातली मेख शेवटी आहे, ते खाली-पुढे आणि पंच एकाच फ्रेमवर पडायला लागतात. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे तुझ्याकडे एका सेकंदाचा साठावा भाग आहे. एक फ्रेम उशीर झाला की साधा विंड गॉड फिस्ट निघतो, दिसायला जवळपास तसाच पण वीज नाही.

आता फरक बघ, कारण बक्षीस तिथेच आहे. टेकन ७ चे आकडे घे, काझुयाचा साधा ठोसा समोरच्याने ब्लॉक केला तर तू १० फ्रेम मागे असतोस, म्हणजे तो तुला फुकटात मारू शकतो. तोच ठोसा इलेक्ट्रिक म्हणून निघाला आणि ब्लॉक झाला तर तू ५ फ्रेम पुढे. ब्लॉक होऊनसुद्धा पाळी तुझीच! आणि लागला तर माणूस हवेत, पूर्ण कॉम्बो, म्हणजे एकामागून एक वारांची न तुटणारी माळ. असा ठोसा गेममध्ये दुसऱ्या कुणाला दिला असता तर सगळ्यांनी तेच कॅरेक्टर घेतलं असतं, म्हणून तर तो एका फ्रेमच्या कुलपात ठेवलाय.

कीबोर्डचं म्हणशील तर स्टिकवर खाली-पुढे हा कोपरा मनगटाने शोधायला लागतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने पंच. कीबोर्डवर किंवा लिव्हरलेस कंट्रोलरवर, म्हणजे स्टिकऐवजी सगळी बटणंच असलेल्या कंट्रोलरवर, तू खालीचं बटण आधीच दाबून धरलेलं असतं, मग फक्त पुढे आणि पंच ही दोन बटणं एकत्र दाबायची. दोन बोटं एका वेळी खाली आणणं, बस. माझं तर मत आहे की या एका मूव्हसाठी कीबोर्ड पॅडपेक्षा सोपा आहे, गडबड होते ती त्याच्या आधीच्या भागात, कारण पुढेचं बटण सोडायच्या आतच खालीचं दाबलं जातं आणि मधलं ते रिकामं टायमिंग राहत नाही.

प्रॅक्टिस मोडमध्ये कमांड हिस्टरी चालू कर, हे कर म्हणजे करच, नुसतं वीज चमकली की नाही बघून काही कळत नाही. हिस्टरीत खाली-पुढे आणि पंच एकाच ओळीत दिसले तर झालं. खाली-पुढे एका ओळीत आणि पंच त्याच्या पुढच्या ओळीत असेल तर पंच उशिरा पडतोय. पंच खालीच्या बाणासोबत दिसला तर घाई होतेय. घाई आणि उशीर यांचा इलाज वेगळा आहे म्हणून आधी तुझं नक्की काय चुकतंय ते बघ, आणि हळू कर, पहिल्या दिवसापासून वेगाने करायला गेलास तर चुकीचीच सवय पक्की होते. आणखी एक, दोन्ही बाजूंनी कर. डावीकडून जमतं आणि उजवीकडे गेलं की हात बावचळतो हे जवळपास सगळ्यांचं होतं, ऑनलाइन कुठली बाजू मिळेल ते तुझ्या हातात नसतं.

आता मॅचमध्ये का निघत नाही. कारण मॅचमध्ये तू इलेक्ट्रिक *मारायचं* ठरवून मारतोयस, समोरचा काय करतोय ते न बघता. इलेक्ट्रिक हाय मूव्ह आहे, खाली बसलं की डोक्यावरून जातं आणि तो बसलेला माणूस उठून तुलाच हवेत उडवतो. ते सरळ रेषेत जातं, बाजूला सरकलं तरी चुकतं. त्याची खरी जागा म्हणजे समोरच्याचा वार तुझ्यापासून चार बोटं अलीकडे संपला, तो हात मागे घेतोय तेवढ्यात. म्हणजे आधी तुला मागे सरकता आलं पाहिजे, मागे डॅश करायचा, तो खाली-मागे दाबून तोडायचा, परत डॅश, याला कोरियन बॅकडॅश म्हणतात, आणि काझुया खेळणाऱ्याने इलेक्ट्रिकच्या आधी हे शिकावं असं मला मनापासून वाटतं. काझुयाकडे जवळून पटपट मारायची छोटी छोटी सुरक्षित शस्त्रं बाकीच्यांपेक्षा कमी आहेत. त्याचं पोट भरतं ते समोरच्याच्या चुकांवर. चूक करायला लावायची म्हणजे अंतराशी खेळायचं.

मग दुसरं अंग, क्राउच डॅश, म्हणजे वाकून पुढे झेप. त्या पुढे-सोड-खाली-खालीपुढे मधूनच हेलस्वीप निघतो, पायावर मारणारा लो, आणि त्याच हालचालीतून मिडही निघतो. समोरचा उभा राहून ब्लॉक करतोय तर लो, खाली बसला तर मिड, त्याने अंदाज लावायचा. पण हेलस्वीप ब्लॉक झाला तर तुझा अर्धा लाइफबार गेलाच समज. काझुया असा आहे, प्रत्येक पैज मोठी. ज्याला हळूहळू एक एक पॉइंट जमवत जिंकायला आवडतं त्याने खरंच पॉल किंवा दुसरं कुणी घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

तुझ्यासाठी माझा सल्ला, पुढचे काही आठवडे रँक मॅचमध्ये इलेक्ट्रिकला हातच लावू नकोस. १० फ्रेमचा पनिश, म्हणजे समोरच्याच्या चुकीला लगेच दिलेला मार, म्हणून लेफ्ट, लेफ्ट, राइट हे तीन पंच, बॅकडॅश, आणि ब्लॉक. इलेक्ट्रिक वेगळं प्रॅक्टिस मोडमध्ये रोज थोडं. दोन्ही एकत्र आणायची घाई करू नकोस, समोरचा माणूस हवेत ठोसे मारून चुकताना दिसायला लागला की बोटं आपोआप जातील. आणि टीव्हीवर खेळत असशील तर गेम मोड चालू आहे ना बघ, नसेल तर चित्र उशिरा येतं आणि तू बरोबर असूनही चुकतोस. वायफायच्या जागी केबल लाव. एका फ्रेमच्या खेळात या गोष्टी छोट्या नसतात.

माझा मुलगा अकरावीत आहे. रविवारी तो लढायच्या गेममध्ये कुणाशी खेळतच नाही, एकाच बाहुल्यासमोर उभा राहून एकच ठोसा तासभर मारत बसतो. गेम खेळणं समजू शकते, पण हे काय आहे? काळजी करायला हवी का?
– एक आई, ठाणे

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण तुम्ही बंद करा म्हणायच्या आधी विचारताय. तबल्याच्या क्लासचा मुलगा घरी येऊन एकच कायदा तासभर वाजवतो ना, आधी सावकाश, मग दुगुन, तेच चालू आहे हे. वर कोल्हापूरच्या मुलाला जे लिहिलंय ते वाचा, त्यात एका सेकंदाच्या साठाव्या भागाचा हिशोब आहे, तुमचा मुलगा बहुतेक तेच शोधतोय. उलट जो पोरगा हरला की चिडून लगेच पुढची मॅच, परत चिडून पुढची मॅच असं रात्री दोनपर्यंत करतो त्याची काळजी जास्त करावी.

दोन गोष्टींवर मात्र लक्ष ठेवा. एक, हात. एकच हालचाल सतत केली की मनगट आणि अंगठा दुखायला लागतो, मुलं सांगत नाहीत. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचं, हात झटकायचे, आणि दुखत असेल तर त्या दिवशी बंद, थोडं दुखतंय म्हणूनही नाही चालवायचं, आणि दोन-चार दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. दोन, झोप. नीट झोप झाली नाही तर शिकलेलं टायमिंग डोक्यात बसत नाही, हे त्याला गेमच्याच भाषेत सांगितलंत तर ऐकेल. आणि जमलं तर एकदा शेजारी बसून विचारा, आज काय चुकत होतं, डाव्या बाजूने की उजव्या? तो जे सांगेल त्याने तुम्हाला आश्चर्य वाटेल.

दादा, एवढी अवघड कॅरेक्टर्स भारी असतील तर मोठे प्लेअर सोपीच का घेतात? अर्सलान ॲशने कझुमी घेऊन एव्हो मारलं. मग आम्ही कशाला हात मोडून घ्यायचे?
– एक वाचक, नागपूर

प्रश्न रास्त आहे आणि उदाहरणही बरोबर आहे. एव्हो म्हणजे फायटिंग गेमची मोठी स्पर्धा. लाहोरचा अर्सलान २०१९ मध्ये आधी जपानमधलं एव्हो जिंकला, मग त्याच वर्षी लास व्हेगासचं, टेकन ७ मध्ये, आणि तेव्हा त्याचं मुख्य कॅरेक्टर होतं कझुमी. कझुमीच्या कमांड साध्या, मूव्ह भक्कम. पण त्याने जे केलं ते कॅरेक्टरमुळे सोपं झालं असं समजू नकोस, त्याचं मागेपुढे सरकणं आणि पनिश करणं बघ, अवघडपणा सगळा तिथे होता. साधं कॅरेक्टर घेतलं की डोकं कमांडमधून मोकळं होतं आणि समोरच्याकडे लागतं, जिंकणं हेच ध्येय असेल तर हा रस्ता शहाणपणाचा आहे, मी कधीच नाही म्हणणार नाही.

पण दुसरी बाजूही इतिहासात आहे. २०१३ च्या एव्होमध्ये स्ट्रीट फायटर ४ जिंकला सिंगापूरचा शियान, आणि कॅरेक्टर होतं जेन. तो म्हातारा चिनी मारेकरी, १९८७ च्या पहिल्या स्ट्रीट फायटरपासूनचा. जेनकडे दोन स्टान्स, म्हणजे उभं राहून लढायच्या दोन पद्धती असतात, तिन्ही पंच एकत्र दाबले की मँटिस, तिन्ही किक दाबल्या की क्रेन, आणि स्टान्स बदलला की साधे पंच-किकही बदलतात, स्पेशल बदलतात, सुपर बदलतात. म्हणजे एका नावात दोन कॅरेक्टर शिकायची, वर कॉम्बोच्या मधे स्टान्स फिरवायचा, आणि एवढं करून लाइफ बाकीच्या बऱ्याच जणांपेक्षा कमी. फायनलला समोर होता जपानचा तोकिदो, अकुमा घेऊन. शियान जिंकला.

जेनचं बक्षीस कुठे होतं बघ. त्याच्याविरुद्ध खेळायची सवय कुणालाच नव्हती, कारण तो घेणारेच बोटावर मोजण्याइतके. तुम्ही रिऊ, केनविरुद्ध हजारो मॅच खेळलेले असता, हात आपोआप उत्तर देतो, जेनसमोर मात्र विचार करायला लागतो आणि विचार करायला वेळ नसतो. दुर्मिळ कॅरेक्टर मन लावून शिकणाऱ्याला हा फायदा मिळतो आणि तो मोठा असतो.

अजून एक, २०१७ ची टेकन वर्ल्ड टूरची फायनल्स कोरियाच्या कुडान्सने जिंकली, डेव्हिल जिन घेऊन, म्हणजे परत तेच इलेक्ट्रिक. त्यामुळे मोठे प्लेअर सोपीच घेतात हे पूर्ण खरं नाहीये, ते स्वतःला साजेशी घेतात. हात मोडायला मी सांगत नाही. पण ज्याला इलेक्ट्रिक लागलं की अंगावर काटा येतो त्याला कझुमी देऊन काय उपयोग, तो महिन्याभरात गेमच सोडेल.

गिल्टी गियर स्ट्राइव्हमध्ये झाटो वन आवडलाय पण ती सावली कशी चालवायची काही कळतच नाही. बटण दाबते तेव्हा काही होत नाही आणि सोडते तेव्हा काहीतरी होतं. हे असंच आहे का माझा कंट्रोलर बिघडलाय?
– एक वाचक, पुणे

कंट्रोलर ठणठणीत आहे, तू अगदी योग्य ठिकाणी अडकलीयस! झाटोच्या सावलीचं नाव एडी. एडीला बाहेर काढलं की मैदानात तुझ्या बाजूने दोघं होतात, आणि बटणं तेवढीच राहतात. मग दोघांना हुकूम द्यायचे कसे, तर बटण *दाबलं* की झाटो मारतो आणि *सोडलं* की एडी मारतो. याला खेळाडू निगेटिव्ह एज म्हणतात.

म्हणजे करायचं असं, एडीला बोलवायच्या कमांडचं बटण दाबलेलंच ठेवायचं, त्या बोटाला विसरायचं नाही, बाकीच्या बोटांनी झाटो खेळायचा, आणि हवं त्या क्षणी ते बोट उचलायचं. ऐकायला सोपं वाटतं पण आपला हात लहानपणापासून दाबायला शिकलेला असतो, सोडण्याचं टायमिंग कुणी कधी शिकवलेलंच नसतं. म्हणून सुरुवातीला एकच बटण घे. फक्त एक. झाटोला हळूहळू पुढे चालव आणि ते बोट उचलून एडीचा एकच वार करून बघ, परत बोलव, परत. ते नकळत व्हायला लागलं की दुसरं बटण.

आणि एडीचं स्वतःचं मीटर असतं हे डोक्यात ठेव. ते पूर्ण रिकामं झालं की एडी काही वेळ परत येत नाही, आणि एडी नसलेला झाटो हा फार लंगडा आहे. नवीन लोक एडीला बाहेर काढतात आणि मीटर संपेपर्यंत खेळत बसतात. मीटर थोडं उरलेलं असताना त्याला परत बोलवून घ्यायची सवय लाव, झाटो चांगला खेळणारे या हिशोबातच वेगळे दिसतात.

बक्षीस काय विचारशील तर, बाकीच्या कॅरेक्टर्सचा वार ब्लॉक झाला की पाळी समोरच्याची येते. झाटोचा वार ब्लॉक झाला की एडीचा चालू होतो, एडीचा संपेपर्यंत झाटो मोकळा. समोरच्याने हलायचं कधी? जुन्या गिल्टी गियर गेम्समध्ये तर एडी खालून आणि झाटो वरून एकाच क्षणी मारायचे, खाली ब्लॉक केलं तर वरचा लागतो, वर केलं तर खालचा. २०१५ च्या एव्होमध्ये जपानच्या ओगावाने झाटोच घेऊन गिल्टी गियर झर्ड जिंकलं. ते मॅचेस नेटवर सापडतील, बघताना झाटोकडे बघू नकोस, फक्त एडीकडे बघ, तो कधी बाहेर येतो आणि कधी परत जातो. सगळं शिक्षण त्यात आहे.

स्ट्रीट फायटर ६ मध्ये आपला म्हणून धालसिम घेतला. सगळे मला उडी मारून मारतात. धालसिम कमजोर आहे का?
– एक वाचक, सोलापूर

कमजोर नाही, पण बाकीच्यांसारखा खेळवला तर हरणारच. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ पासूनचा तो भारताचा खेळाडू, हातपाय लांब करणारा योगी, त्याच्या मुलाचं नाव दत्ता आहे हे तुला माहीत नसेल तर आता कळलं. योगी म्हणजे तोंडातून आगच काढणार, ही परदेशी कल्पना मला फारशी आवडत नाही, पण खेळण्याच्या दृष्टीने धालसिम इतकं हुशारीने बनवलेलं कॅरेक्टर मला दुसरं सापडलेलं नाही.

त्याचा अवघडपणा बोटांत नाहीच. कमांड साध्या आहेत. अवघड आहे ते नजरेचं काम. समोरचा किती लांब आहे, उडी मारली तर कुठल्या कोनातून येतोय, त्याप्रमाणे लांब हात की आखूड हात की सरकणारी लाथ हे क्षणात ठरवायचं. हात लांब केला की तो हातसुद्धा मार खातो, म्हणून चुकीच्या वेळी लांब केलेला प्रत्येक हात म्हणजे समोरच्याला आमंत्रण. तुला उडी मारून मारतात याचं कारण बहुतेक हेच असणार, तू एकाच अंतरावरून तोच लांब पंच पुन्हा पुन्हा मारत असशील आणि ते त्याच्यावरून उडी मारत असतील.

हे करून बघ, एक अख्खा दिवस ठरव की हात कमी आणि चालणं जास्त. समोरच्याच्या उडीची वाट बघ. उडी आली की फक्त तिला उत्तर द्यायचं. तीनदा उडी मोडलीस की तो जमिनीवर राहील, आणि जमिनीवर राहिलेला माणूस म्हणजे धालसिमचं राज्य. टेलिपोर्ट मात्र आत्ता बाजूला ठेव, स्ट्रीट फायटर २ मध्ये तो १९९२ च्या टर्बो आवृत्तीत त्याला मिळाला आणि तेव्हापासून नवीन लोक अडचणीत आले की टेलिपोर्ट करून आणखी अडचणीत जातात. १९९४ च्या सुपर टर्बोमध्ये धालसिमची गणना सगळ्यात वरच्या कॅरेक्टर्समध्ये होते, आजही. तेव्हा कमजोर हा शब्द विसर.

झँगीफचा ३६० गोल फिरवताना माझा माणूस उडीच मारतो. उपाय सांगा.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

झँगीफ म्हणजे स्ट्रीट फायटरमधला पैलवान, आणि ३६० म्हणजे त्याच्या मोठ्या पकडीसाठी दिशा गोल फिरवणं. पूर्ण गोल लागत नाही, पाऊण गोल बहुतेक पुरतो. पुढून सुरू करून खालून मागे आणि वर पोचल्या पोचल्या पंच, उडीला सुरू व्हायला काही फ्रेम लागतात त्याच्या आत बटण पडलं की पकड निघते. ते जमेपर्यंत गोल लपवून फिरवायचा, म्हणजे उडी मारून खाली येताना किंवा एखादा जॅब, म्हणजे हलका ठोसा, मारत असतानाच फिरवून ठेवायचा. झँगीफचं खरं अवघड ते पुढे आहे, समोरच्याच्या जवळ पोचणं. तिथे उडी कमी, चालणं आणि ब्लॉक करत करत इंच इंच पुढे जाणं जास्त. एकदा पोचलास की दोन पकडींत मॅच फिरते.

मॉडर्न कंट्रोल वापरणं म्हणजे चीटिंग का? ग्रुपमध्ये सगळे चिडवतात.
– एक वाचक, मडगाव

नाही. स्ट्रीट फायटर ६ मधलं हे मॉडर्न कंट्रोल, म्हणजे कमांडऐवजी एका बटणावर स्पेशल, गेम बनवणाऱ्यांनीच दिलंय आणि त्याची किंमतही लावलीये, मॉडर्नमध्ये एका बटणावर स्पेशल मारलं तर डॅमेज ८० टक्केच मिळतं, शिवाय काही साधे वार मिळतच नाहीत. हा सरळ व्यवहार आहे. मी स्वतः तुला मॉडर्नने सुरुवात करून अंतर, ब्लॉक, उडी मोडणं हे आधी शिक असंच सांगेन. नंतर एखाद्या कॅरेक्टरच्या बाबतीत तो २० टक्के फरक बोचायला लागला, नाहीतर न मिळणारा एखादा पंच हवाहवासा वाटायला लागला, की क्लासिककडे, म्हणजे पूर्ण कमांडच्या जुन्या पद्धतीकडे जा. चिडवणाऱ्यांना मॅचला बोलव.

डोंबिवलीत व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आम्ही टेकन ३ खेळायचो. एक मुलगा किंग घ्यायचा आणि एकदा पकडलं की सोडायचाच नाही, पकडीतून पकड. मला ते कधीच जमलं नाही, तेव्हा एडी गॉर्डो घेऊन बटणं बडवायचो. आता मुलाने टेकन ८ आणलाय. चाळिशी उलटली आहे, या वयात किंग शिकता येईल का? रिफ्लेक्स राहिले नाहीत.
– एक वाचक, डोंबिवली

येईल, आणि तुम्ही बरोबर कॅरेक्टर निवडलंय असं मी म्हणेन. त्या पार्लरच्या दिवसांत कुणाकडे कमांडची यादी नसायची, ज्याला किंगच्या पकडी यायच्या तो त्या कुणाला सांगायचाही नाही, त्यामुळे तो मुलगा तुम्हाला जादूगार वाटला असणार. टेकन ३ आर्केडला १९९७ मध्ये आला आणि प्लेस्टेशनवर १९९८ मध्ये, आणि किंगच्या पकडीतून पकड काढायच्या साखळ्या तेव्हा खरोखर पाठच करायला लागायच्या, प्रत्येक कडीची कमांड वेगळी, टायमिंग वेगळं, शेवटी रोलिंग डेथ क्रेडल पर्यंत पोचणारे फार थोडे.

म्हणूनच वयाची चिंता करू नका. काझुयाला एका फ्रेमची अचूकता लागते, किंगला पाठांतर लागतं. साखळी चालू असताना प्रतिक्रिया द्यायचं काम तुमचं नसतं, समोरच्याचं असतं. प्रत्येक कडीवर पकड सोडवायला त्याला लेफ्ट पंच, राइट पंच किंवा दोन्ही एकत्र यातलं बरोबर तेच दाबायला लागतं, आणि पुढची कडी कुठली येणार हे फक्त तुम्हाला माहीत असतं. तुमचा मुलगा कितीही चपळ असला तरी त्याला ओळखावं लागेल, तुम्हाला फक्त आठवावं लागेल.

सुरुवात अशी करा, मूव्ह लिस्टमध्ये थ्रोच्या साखळ्यांचा भाग उघडा आणि एकच सुरुवातीची पकड निवडा. तिच्यातून पुढे जाणाऱ्या फक्त दोन वाटा पाठ करा, अशा दोन की ज्या सोडवायची बटणं वेगवेगळी आहेत. वहीत लिहून काढा, कागदावर लिहिलेलं हाताला लवकर बसतं. दोन वाटा पुरे आहेत, कारण मुलाने एकीला उत्तर शोधलं की तुम्ही दुसरी काढायची, आणि तिला शोधलं की परत पहिली. तिसरी वाट त्या दोन्ही झोपेत यायला लागल्यावर. साखळी सुरू करण्यासाठी समोरचा ब्लॉक करून उभा राहायला हवा, म्हणून आधी दोन-तीन मिड मारून त्याला उभं राहून ब्लॉक करायची सवय लावा. तो पकड चुकवायला खाली बसायला लागला की परत मिड.

आणि साखळ्या बसेपर्यंत जायंट स्विंग शिकून ठेवा. एकच पकड, एकच कमांड, आणि डॅमेज भरपूर. पुढे, मग मागून खालून पुढे अर्धा गोल, आणि लेफ्ट पंच. सोडवायची असेल तर मुलाला लेफ्ट पंचच दाबायला लागेल, हे त्याला इतक्यात सांगू नका.